सरकारी मराठीला वाचायचे अक्षर द्या

सरकारी कागद वाचवत नाही, याचा दोष आपण नेहमी भाषेवर टाकतो. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये’ अशी सुरुवात झाली की वाचणारा तिथेच थांबतो, हे खरेच आहे. पण माझ्या टेबलावर रोज जे कागद येतात ते पाहून मला ठामपणे वाटते, की या दोषाचा मोठा वाटा अक्षराचा आहे. भाषा सोपी करा असे सगळे सांगतात. अक्षर वाचण्यासारखे करा, असे सांगताना मी कोणाला ऐकलेले नाही.

बोरगाव मेघेत माझे छपाईचे छोटे दुकान आहे. वर्धा शहर कुठे संपते आणि आमचे गाव कुठे सुरू होते, हे नवख्याला कळत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक दोन्हीकडचे. लग्नपत्रिका, तेरवीची पत्रे, बिलबुके, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामे असतात. सोबत झेरॉक्सचे मशीन आहे. घरकुलाची यादी, पीक विम्याचे पत्र, वारसाची नोटीस घेऊन माणसे येतात आणि म्हणतात, “भाऊ, हे मोठं करून दे जी, दिसून नाही राह्यलं.” मी मोठे करून देतो. कागद दुप्पट होतो, तरी आजोबांचे बोट ओळीवर अडखळतेच. घ आणि ध यांत फरक दिसत नाही. भ आणि म एकमेकांसारखे. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसलेला. चष्मा बदलून हे सुधारत नाही, कारण अडचण आकारमानाची नाही, अक्षराच्या बांधणीची आणि ओळींच्या मांडणीची आहे.

मी या धंद्यात आलो तो खिळ्यांच्या काळात. वर्ध्यातल्या एका ट्रेडलच्या छापखान्यात कंपोझिंग शिकलो. समोर आणि दोन्ही बाजूंना केसेस, त्यांत शेकडो घरे, एका हातात स्टिक आणि दुसरा हात सतत फिरता. आमचे फोरमन प्रूफ हातात द्यायचे आणि सांगायचे, काळे पाहू नको, पांढरे पाहा. अक्षराच्या पोटातली पोकळी, दोन शब्दांमधली फट, दोन ओळींमधली शिशाची पट्टी. ते पांढरे सारखे पडले की वाचणारा पान सोडत नाही. कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले, पण पान पाहायची ही रीत मी सोडलेली नाही.

रोमन लिपीत पुस्तकाच्या मजकुरासाठी सेरिफचे फॉन्ट वापरतात. अक्षराच्या टोकांना छोटे पाय, आणि अंगात जाड-बारीक होत जाणारी रेघ. लंडनच्या ‘द टाइम्स’ने १९३२ साली स्वतःसाठी असा एक फॉन्ट करून घेतला. स्टॅनली मॉरिसन यांची देखरेख होती, व्हिक्टर लार्डेंट यांनी अक्षरे रेखाटली. अरुंद रकान्यात भरपूर मजकूर मावावा आणि तरी तो सहज वाचता यावा, ही गरज होती. पुढे तो टाइम्स न्यू रोमन जगभरच्या कचेऱ्यांत पोहोचला. एका वर्तमानपत्राने आपल्या वाचकाच्या डोळ्यांची काळजी केली, त्याचा फायदा सगळ्यांना झाला.

देवनागरीला असे पाय नाहीत आणि ते लावायची गरजही नाही. हौसेने कान्याला खाली टाच लावलेले फॉन्ट मी पाहिले आहेत. ते पत्रिकेच्या मथळ्यालाही शोभत नाहीत. आपल्याकडे ते काम बोरूने केलेले आहे. तिरका कापलेला बोरू कागदावर टेकवला की एका दिशेची रेघ भरीव येते, दुसऱ्या दिशेची बारीक. रोमन टाकाची आणि आपल्या बोरूची कापणी उलट दिशांची, म्हणून जाड-बारीकच्या जागाही उलट. इंग्रजी फॉन्ट समोर ठेवून त्यावरून मराठी उतरवणाऱ्यांचे इथेच फसते. रेघ भरायला हवी तिथे ते बारीक करतात आणि अक्षर लंगडते. शब्द एकत्र धरून ठेवायचे काम शिरोरेषा करते. ती फार जाड केली की ओळ म्हणजे एक काळा पट्टा होतो, आणि वरच्या मात्रा, रफार, अनुस्वार यांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. ग, म, भ यांची गाठ, घ आणि ध यांची डोकी, थ आणि य यांतला फरक, या सगळ्या जागा लहान आकारात टिकल्या पाहिजेत. चांगला फॉन्ट काढणारा माणूस या जागांवर महिनोन्‌महिने बसतो.

हे काम मराठी माणसांनी फार वरच्या दर्जाचे केलेले आहे, आणि त्याचा अभिमान आपल्याला पुरेसा नाही याचे मला वाईट वाटते. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे खिळे सुधारले. त्याच छापखान्यात जावजी दादाजी चौधरी पोरवयात खिळे घासायच्या कामाला लागले. शिकण्याची मोठी संधी त्यांच्या वाट्याला आली नव्हती. त्यांनी आधी टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. अक्षरांचे ठसे कोरणारे होते राणूजी रावजी आरू. पोलादाच्या काडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात मारायचा, त्या साच्यात शिसे ओतायचे. आरूंच्या हाताने जे वळण पोलादात उतरले त्याने पुढची कितीतरी दशके मराठी आणि संस्कृत पुस्तकांचे रूप ठरवले. १८८६ पासून निघू लागलेल्या निर्णयसागरच्या ‘काव्यमाला’ या संस्कृत ग्रंथमालेने ते अक्षर युरोपातल्या संस्कृत पंडितांच्या टेबलांपर्यंत नेले. ऐसपैस पोकळी, भरदार वळणे, पण कुठेही थुलथुलीतपणा नाही. जुन्या बाजारातून घेतलेली निर्णयसागरची पोथीवजा पुस्तके माझ्याकडे आहेत. कागद पिवळा पडून तुटायला आला आहे, तरी लहानातल्या लहान अक्षरातली टीप भिंगाशिवाय वाचता येते.

या वळणाला छपाईच्या धंद्यात मुंबई वळण म्हणत, उत्तरेकडच्या कलकत्ता वळणापेक्षा वेगळे. पुढे हिंदीचे प्रमाणीकरण झाले तेव्हा अ, झ, ण ही अक्षरे मुंबई वळणाची घेतली गेली. ल आणि श मात्र उत्तरेकडचे राहिले. म्हणजे हिंदी माणूस आज जो अ लिहितो तो आपल्या वळणाचा आहे, आणि आपल्या मोबाइलवर जो ल दिसतो तो बऱ्याचदा आपला नसतो. पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपे, असे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात सांगितलेले आहे. निर्णय फाइलीत आहे. शासनाचे संकेतस्थळ उघडा, नोटिसा पाहा, फलक पाहा. पहिलीतले पोर पाटीवर एक ल गिरवते आणि आईच्या फोनवर दुसरा पाहते.

आता वर्ध्याकडे येतो, कारण अक्षराच्या या प्रश्नात आमच्या जिल्ह्याचा संबंध फार जवळचा आहे. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. गांधीजी सेवाग्रामला, काकासाहेब कालेलकर नागरी लिपीच्या सुधारणेच्या मागे लागलेले. त्या सुधारणेतली ठळक गोष्ट म्हणजे अ ची बाराखडी. इ, ई, उ, ऊ, ए ही वेगळी अक्षरे काढून टाकायची आणि अ लाच वेलांट्या, उकार, मात्रा लावायच्या. अि, अी, अु, अू, अे. तिकडे रत्नागिरीत सावरकरांनीही हीच बाराखडी चालवली होती. इतक्या टोकाच्या मतभेदाची माणसे या एका गोष्टीत एकत्र होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. समितीची पुस्तके या लिपीत छापली गेली. माझी आत्या समितीची ‘कोविद’ परीक्षा पास झालेली, तिच्या ट्रंकेतल्या पुस्तकांत मी ‘अिसलिअे’ असे शब्द वाचले आहेत. पवनारच्या विनोबांनी पुढे लोकनागरी या नावाने स्वतःची सुधारित लिपी चालवून पाहिली, आणि भारतातल्या सगळ्या भाषांनी आपापल्या लिपीसोबत नागरीही वापरावी म्हणून आयुष्यभर आग्रह धरला. १९७५ साली त्यांच्याच प्रेरणेने नागरी लिपी परिषद उभी राहिली.

या थोरांविषयी मला आदर आहे, आणि त्यांची अडचण मी हातांनी अनुभवली आहे. देवनागरीच्या केसमध्ये किती घरे लागतात ते कंपोझिटरला विचारा. प्रत्येक जोडाक्षराचा वेगळा खिळा, अर्ध्या अक्षरांचे वेगळे, रफार-अनुस्वार एकत्र असलेले वेगळे. टाइपरायटरच्या पट्टीवर तर जागाच मोजकी. इंग्रजी छापखाना ज्या भांडवलात उभा राहायचा त्यात नागरीचा राहत नसे. टिळकांनी केसरीच्या काळात खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोके खपवले ते यामुळेच. स्वस्त छपाई म्हणजे लोकशिक्षण, आणि त्यासाठी लिपीने थोडे वाकावे, असा तो हिशेब होता. त्या वेळी तो बरोबर होता.

पण तो हिशेब यंत्राचा होता, आणि ते यंत्र आता राहिलेले नाही. आज एका फॉन्टच्या फाइलीत हजारावर आकार सहज मावतात. द्य, द्ध, ह्म, ट्ठ, क्त यांतले कोणतेही जोडाक्षर कळ दाबताच पुढे उभे राहते, वेगळे घर लागत नाही, वेगळा खर्च नाही. यंत्र आपल्यापुढे वाकायला तयार असताना आपण मात्र अजून जुन्या यंत्रापुढे वाकल्यासारखे छापतो आहोत. पाठ्यपुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ आणि ‘पद्‌धत’ असे पाय मोडून छापतात. मुलांना जोडाक्षराची फोड कळावी, हा हेतू मला मान्य आहे. पहिली-दुसरीत तसे जरूर दाखवा. पण तेच रूप वरच्या इयत्तांपर्यंत नेले तर मुलाला घरातल्या जुन्या पुस्तकातला ‘विद्यार्थी’ अनोळखी वाटू लागतो. सुबक काढलेला द्य कोणत्याही मुलाला जड जात नाही. चांगल्या आकारात, मोकळ्या ओळीत तो दाखवला जात नाही, ही खरी उणीव आहे.

कचेऱ्यांत बहुतेक कागद मंगल या फॉन्टमध्ये निघत आले. मंगल हे र. कृ. जोशी यांचे काम. मोठा कलावंत, सुलेखनकार आणि कवी. मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत बसून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिपींचे फॉन्ट तयार केले, आणि विंडोज २००० सोबत मंगल घरोघर पोहोचला. युनिकोडमध्ये मराठी टंकता येते हे लोकांना त्याच्यामुळे कळले. पण तो पडद्यासाठी काढलेला फॉन्ट आहे. त्या वेळच्या पडद्यावर मोजके ठिपके असत, त्यांत अक्षर ओळखू यावे म्हणून त्याची रेघ सपाट आणि सारखी ठेवलेली. तो कागदावर बारा पॉइंटात, ओळीला ओळ चिकटवून, चार-पाच पाने वाचायला देणे ही फॉन्टचीही गैरसोय आहे आणि वाचणाऱ्याचीही. ज्या कामासाठी वस्तू घडवली ते काम तिला द्यावे.

दुसरा प्रकार जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांचा. खाली इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक क्रमांक आणि वर मराठीचा मुखवटा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडले की सगळा मजकूर इंग्रजी कचऱ्यासारखा दिसतो. एका कार्यालयातून आलेली अहवालाची फाइल अशी निघाली होती, ती मी ओळ न् ओळ पुन्हा टाइप केली. असल्या मजकुरात शोध चालत नाही, अंध वाचकासाठी असलेले वाचन सॉफ्टवेअर तो बोलून दाखवू शकत नाही. आणि आमच्या बोलीचे नावच पाहा. ‘वऱ्हाडी’ लिहायला जो अर्धा र लागतो तो न साधल्यामुळे कित्येक पत्रिकांवर ‘वर्हाडी मंडळी’ छापले जाते. मुंबई-पुण्याच्या माणसाला ती बारीक चूक वाटेल. आम्हाला ती आमच्या बोलीच्या नावाची चूक वाटते.

मग चांगले काय आहे? आहे, आणि फुकट आहे. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा हा मुक्त युनिकोड फॉन्ट उपलब्ध करून दिला. मजकुरासाठीच काढलेला, जाड-बारीक रेघेचा. त्याच्या आधारावर आयआयटी मुंबईतल्या अभ्यासकांनी शोभिका हा फॉन्ट केला, आणि संस्कृतचे संशोधक आज तो वापरतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीचे पहिले खंड २०१५ साली आले, डाव्या पानावर मूळ लिपी आणि उजव्या पानावर इंग्रजी. त्या मालेसाठी जॉन हडसन आणि फिओना रॉस यांनी देवनागरी घडवली ती निर्णयसागरच्या खिळ्यांचे वळण समोर ठेवून. पुढे तीच टिरो देवनागरी या नावाने मुक्त झाली, आणि तिची खास मराठी आवृत्तीही आहे, आपल्या ल आणि श सह. मुंबईत काळबादेवीच्या परिसरात निर्णयसागरने घडवलेले वळण हडसन या कॅनडातल्या कारागिराच्या टेबलावरून नव्या रूपात आपल्याकडे आले आहे. ते उतरवून घ्यायला एक मिनिट लागते. माझ्या दुकानात स्मरणिकेचे लेख मी आता त्यातच लावतो. एका मुख्याध्यापकांनी मला विचारले, यंदा कागद बदलला का? कागद तोच होता.

सगळीकडे एकच फॉन्ट लावा असे मी म्हणत नाही. एसटीच्या पाटीवर, रस्त्याच्या फलकावर, दवाखान्यातल्या दिशादर्शक बाणाजवळ सारख्या जाडीची, सपाट रेघ हवी. तिथे ‘एक टाइप’ या फॉन्ट-संस्थेच्या ‘मुक्ता’सारखा फॉन्ट उत्तम. दुरून, चालत्या गाडीतून बारीक रेघ हरवते. मोबाइलच्या छोट्या पडद्यावरही साधी रेघ बरी पडते. गोपुरीच्या गीताई मंदिरात विनोबांची गीताई दगडांवर कोरलेली आहे. दगडाचे गणित आणखी वेगळे, फार बारीक रेघ छिन्नीला आणि पावसाला टिकत नाही. लग्नपत्रिकेला नटवे अक्षर हवे असेल तर नावांना जरूर द्या, पण स्थळ, वेळ आणि निमंत्रकांची यादी शांत अक्षरात असू द्या, म्हणजे गावाकडच्या पाहुण्याला मुहूर्त चुकणार नाही. माझा आग्रह लांब मजकुरापुरता आहे. पुस्तक, वर्तमानपत्र, निकालपत्र, नोटीस, माहितीपत्रक. जिथे माणूस बसून वाचतो तिथे जाड-बारीक रेघेचे, मोकळ्या पोटाचे अक्षर लागते.

२०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्यात ९६ वे साहित्य संमेलन भरले तेव्हा मी ग्रंथदालनात तिन्ही दिवस पाने उलटत फिरलो. मुखपृष्ठे देखणी झाली आहेत, कागद चांगला आला आहे. आत मात्र बहुतेक पुस्तकांत अक्षर घट्ट, ओळी दाटलेल्या. मौज प्रिंटिंग ब्यूरोच्या जुन्या छपाईची पुस्तके ज्यांच्या कपाटात आहेत त्यांनी एखादे उघडून नव्याच्या शेजारी ठेवावे. पाने वाचवण्यासाठी प्रकाशक ओळीतली हवा काढून घेतात. मराठीला वर मात्रा आहे आणि खाली उकार आहे. ‘कर्तृत्वपूर्तीचे’ यासारख्या शब्दाला दोन्हीकडे जागा लागते. इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या की ती मिळत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सत्कार झाले, भाषणे झाली, आणि आमच्या चौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लागले. त्या दर्जासोबत जे काही पैसे आणि योजना येतील त्यांतला थोडा भाग अक्षरावर खर्च व्हावा, अशी माझी मागणी आहे. तयार मुक्त फॉन्टांना आणखी वजने हवीत, मथळ्यासाठी ठळक, तळटिपांसाठी लहान आकाराला साजेशी. तिरपे रूप हवे. मोडी आणि देवनागरी एकाच पानात बसतील अशी जोडी हवी. हे काम करणारी मराठी माणसे आयआयटीत आहेत, कलाशाळांत आहेत, स्वतंत्रपणे काम करणारी आहेत. त्यांना एकेका फॉन्टसाठी वर्ष-दोन वर्षांचे सलग काम द्यावे लागेल.

त्याची वाट न पाहता करता येण्यासारखे एक काम मात्र जिल्हा पातळीवरचे आहे. ग्रामसभेच्या नोटिसा सगळ्या गावांत निघतात. वर्धा जिल्ह्याने त्यांच्यासाठी एकच नमुना ठरवावा. यशोमुद्रा किंवा टिरो मराठी, चौदा पॉइंट. दोन ओळींच्या तळांमध्ये निदान बावीस पॉइंटांचे अंतर. कॉम्प्युटरवर मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडलेली, म्हणजे ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श आपोआप आपले येतात. ठळक अक्षर फक्त तारीख, वेळ आणि जागेला. पीडीएफ करताना फॉन्ट आत जोडलेला. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस अशी निघावी. नमुना बसवून द्यायचे काम मी आनंदाने करीन, आणि आमच्या तालुक्यातले इतर छपाईवालेही करतील, त्यांच्याशी मी बोललो आहे.